वीटभट्टीवाला आधी पैसे देतो, आणि आपण?

ऑगस्टचा पहिला रविवार जवळ आला की कॉलेजचं गेट, स्टेशनचा पूल आणि इन्स्टाचं फीड, तिन्हीकडे एकच माल दिसतो. फ्रेंडशिप बँड. सॅटिनच्या रिबिनी आणि रबरी पट्ट्या आता जुन्या झाल्या. सध्या क्रेझ आहे हँडमेडची. कापडाच्या चिंध्यांची वेणी, त्यावर शिवलेली रंगीत बटणं, मध्ये दोन-चार मणी. एक पीस दुसऱ्यासारखा नाही. फोटोत भारी दिसतो, हातात त्याहून भारी.

त्यात स्टॉलवर ‘ग्रामीण महिलांनी तयार केलेले’ अशी पाटी असली की आपण हमखास थांबतो. एक उचलतो, मनगटावर धरून बघतो, ‘किती क्यूट आहे यार’ म्हणतो. मग किंमत विचारतो. चाळीस रुपये ऐकलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. ‘वीसला द्या ना, पाच घेतो.’

हा लेख त्या मधल्या वीस रुपयांबद्दल आहे. पण त्याहून जास्त, ते पैसे आपण केव्हा देतो, याबद्दल आहे. कारण शहापूर आणि मुरबाड या आपल्या ठाणे जिल्ह्यातल्याच दोन तालुक्यांत पैसे केव्हा हातात पडले, यावर कित्येक घरांचं अख्खं वर्ष ठरतं.

एक ब्रेसलेट म्हणजे किती मिनिटं?

आधी साधा हिशेब करू. चिंध्यांचं ब्रेसलेट दिसायला सोपं आहे आणि करायलाही फार अवघड नाही. साधारण इंचभर रुंदीच्या तीन पट्ट्या कापायच्या. मनगट सहा-साडेसहा इंचांचं असलं तरी पट्टी दहा-अकरा इंचांची घ्यावी लागते, कारण वेणी घालताना लांबी कमी होते. टी-शर्टचं होजिअरी कापड असेल तर पट्टी जरा ओढली की कडा आपोआप आत वळतात. सुती कापडाचं तसं नाही. त्याच्या कडा सुटतात, म्हणून दुमडून धावदोरा घालावा लागतो. मग तिपेडी वेणी घालायची, दोन्ही टोकं शिवून घट्ट करायची. बटणं एकेक करून शिवायची. मणी ओवायचे आणि प्रत्येक मण्यातून सुई दोनदा फिरवायची, नाहीतर पहिल्याच धक्क्यात माळ सांडते. शेवटी एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला दोऱ्याचा फास, आणि फासावर काजटाका. गोंद लावला तर हे काम पाच मिनिटांत होतं. पण एकदा हात धुतले की बटण हातात येतं.

शिवाय चिंधी वापरण्याआधी ती ओली करून पांढऱ्या कापडावर घासून बघायची असते. रंग जाणारी असेल तर घामाने तुमचं मनगट लाल-निळं होणार.

हे सगळं मी घड्याळ लावून करून बघितलं. पहिल्या ब्रेसलेटला तास गेला, पाचव्याला पस्तीस मिनिटं. ज्या बाईचा हात शिवणावर बसलेला आहे ती कमी वेळात करेल. आपण सरासरी अर्धा तास धरू.

आता त्या अर्ध्या तासाची किंमत काय? मापासाठी सरकारी आकडा घेऊ. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९ रुपये, म्हणजे अर्ध्या तासाला साडेएकोणीस. ही काही चैनीची मजुरी नाही. माती खणायची मजुरी आहे. दोरा, मणी आणि बटणांचे साधारण नऊ रुपये धरा. झाले साडेअठ्ठावीस. पाड्यावरून शहरापर्यंत माल आणण्याचा खर्च आणि बिघडलेले पीस यांचे सहा रुपये. उरलेले साडेपाच बचत गटाकडे, पुढचं सामान आणायला. बेरीज बरोबर चाळीस.

तेच ब्रेसलेट आपण वीसला मागितलं तर? सामान आणि प्रवास यांचे पंधरा रुपये काही कमी होत नाहीत. गटाची बचत तर आधीच उडाली. करणाऱ्या बाईच्या हातात उरले पाच रुपये. तासाला दहा, दिवसाला ऐंशी. आपण कमी केलेले वीस रुपये सामानातून जात नाहीत आणि एसटीच्या तिकिटातूनही जात नाहीत. ते फक्त मिनिटांमधून जातात.

सामान तर आपल्या वाटेवरच आहे

या धंद्याला कच्चा माल लांबून आणावा लागत नाही. कल्याणहून मुरबाडला निघालेली एसटी शहाड, म्हारळ, गोवेली करत जाते. म्हारळच्या शेजारी उल्हासनगर, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांचं शहर. तिकडे भिवंडी, यंत्रमागांची. म्हणजे कटिंगच्या टेबलाखाली पडणारा डेनिमचा तुकडा आणि लूमची कापलेली किनार, दोन्ही याच पट्ट्यात आहेत. मणी आणि बटणं भुलेश्वरला मिळतात. शहापूरला जायला आसनगाव स्टेशनपर्यंत कसारा लोकल आहे. मुरबाडला अजून रेल्वे नाही, तिथे एसटीच.

आणि कौशल्य? चिंध्यांना चिंध्या जोडून गोधडी शिवणाऱ्या बायकांना तुकडे जोडायला वेगळं शिकवावं लागत नाही. मण्यांचं तर विचारूच नका. ठाकर बायकांच्या गळ्यात मण्यांच्या माळांची दाटी असायची, अजूनही काही आज्यांच्या गळ्यात दिसते. ल. ना. छापेकर यांनी १९६० मध्ये ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते याच समाजावर. कुठला रंग कशाशेजारी चांगला दिसतो, याची जाण इथे आपल्या फॅशन डिझाइनच्या कोर्सच्या खूप आधीपासून आहे.

म्हणून एक विनंती. ‘ट्रायबल लुक’ हवा म्हणून शहापूरच्या ठाकर किंवा कातकरी बाईला वारली चित्रातली माणसं ब्रेसलेटवर रंगवायला सांगू नका. वारली ही वेगळी जमात आहे आणि ते चित्र ही त्यांची कला आहे. आपल्याला सगळे आदिवासी एकसारखे वाटत असतील, तर त्यात दोष त्यांच्या कलेचा नाही. दुसरी गोष्ट, गुंजेच्या बियांचे मणी लाल-काळे, सुंदर दिसतात, पण गुंज विषारी असते आणि भोक पाडलं की आतला भाग उघडा पडतो. लहान मुलांच्या हातात बांधायच्या वस्तूत ती नकोच. काच, लाकूड, रुद्राक्षासारखं दिसणारं भद्राक्ष, पर्याय भरपूर आहेत.

कॅलेंडर आपलं आणि त्यांचं

मग अडतं कुठे? अडतं ते वेळेवर.

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरचं वर्ष बघा. जूनमध्ये पेरणी. त्याच सुमाराला शेवळं, मग कंटोळी, टाकळा अशा रानभाज्यांचे वाटे घेऊन बायका कल्याणच्या बाजारात बसतात. (तिथेही आपण ‘दोन वाटे तीसला द्या’ करतोच.) जुलैमध्ये भाताची लावणी. तेव्हा घरातला प्रत्येक हात चिखलात असतो. आपला फ्रेंडशिप डे येतो तो त्याच्या अगदी शेपटाला. म्हणजे आपल्याला ज्या दिवसात बँडचे ढीग हवे असतात, त्याच दिवसात तिकडे सुईत दोरा ओवायला कुणाला फुरसत नसते.

फुरसत मिळते भाद्रपदात. लावणी झालेली, कापणीला अजून अवकाश. आणि खरी ओढाताण नेमकी तेव्हाच असते. गेल्या वर्षीचं धान्य संपत आलेलं, पावसामुळे मातीची कामं बंद, घरात कुणीतरी तापाने आजारी. हातात काम नाही आणि रोकडही नाही. आपला कॉलेजचा ग्रुप तेव्हा नवरात्रीचे आउटफिट ठरवत असतो.

याच दिवसांत पैसे देणारा एक माणूस असतो. वीटभट्टीवाला किंवा त्याचा मुकादम. तो जे देतो त्याला म्हणतात उचल. रेशनला थोडे, दवाखान्याला थोडे, कधी लग्नाला मोठी रक्कम. तो कागदपत्रं मागत नाही, ‘माल विकला गेला की बघू’ असंही म्हणत नाही. पैसे आजच हातात. मग दिवाळी झाली की कुटुंबच्या कुटुंब भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्यांवर निघतं, मुलाबाळांसकट. काम हजार विटांच्या हिशेबावर. आठवड्याला खर्चीपुरते पैसे, आणि उचल फिटली की नाही ते पावसाआधी, हंगाम संपताना कळतं. नाही फिटली तर पुढच्या वर्षीच्या खात्यावर. कर्जाच्या बदल्यात माणसाला कामाला जखडणं हा १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा भाद्रपदातल्या एखाद्या संध्याकाळी रोख पैसे घेऊन दारात येत नाही.

यात सर्वात जास्त भरडले जातात कातकरी. महाराष्ट्रात केंद्र सरकारने ‘विशेष असुरक्षित’ म्हणून नोंदवलेल्या आदिवासी जमाती तीन आहेत. कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. कातकरी हे नावच मुळात एका मालावरून पडलंय. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. पुढे जंगलावर बंधनं आली, कात काढण्याचा धंदा गेला, नाव तेवढं राहिलं. एखाद्या समाजाच्या हातातला धंदा गेला की काय होतं, हे शिकायला आपल्याला लांब जायला नको.

आता आपली पद्धत बघा. आपण, म्हणजे शहरातले चांगल्या मनाचे ग्राहक, फेस्टचे आयोजक, एखादा ऑनलाइन पेज चालवणारा मित्र. आपण म्हणतो, ‘ताई, शंभर पीस करून द्या, विकले गेले की पैसे देतो.’ म्हणजे दोऱ्याचे पैसे तिचे, मण्यांचे पैसे तिचे, पन्नास तास तिचे आणि न विकलेला मालही तिचाच. भट्टीवाला आधी पैसे देऊन माणूस बांधतो. आपण मोकळे सोडतो खरं, पण पैसे शेवटी देतो. ज्या घरात उद्याचे तांदूळ नाहीत, त्या घराने कुणाचं ऐकायचं?

मागणी आधी, माल नंतर

‘हे सगळं ठीक आहे, पण असं कुठे होतं का?’ होतं. शहापुरातच झालंय. कोविडच्या काळात इथल्या कातकरी तरुणांच्या गटाने वनधन केंद्रामार्फत गुळवेल गोळा करून विकली. त्यांना औषध कंपन्यांकडून साडेतीनशे टनांची, एक कोटी सत्तावन्न लाख रुपयांची ऑर्डर मिळाली होती. गुळवेल जंगलात आधीही होती आणि ती ओळखणारी माणसंही होती. बदललं ते एवढंच की किती माल हवा आणि कुणाला हवा, हे आधी ठरलं.

राख्यांचंही तसंच. मेळघाटातल्या लवादा गावच्या संपूर्ण बांबू केंद्राच्या बांबूच्या राख्या कित्येकांनी पाहिल्या असतील. आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात विक्रमगडकडेही आदिवासी बायका बांबूच्या राख्या करतात. राखीची तारीख पंचांगात छापलेली असते, त्यामुळे कामाला केव्हा लागायचं हे करणाऱ्याला माहीत असतं. आपल्या ब्रेसलेटला अशी तारीख नाही. ती आपण देऊ शकतो.

आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर हा लेखही त्या ‘एक ब्रेसलेट घ्या, एक आयुष्य बदला’ टाइपच्या पोस्टसारखा होईल. ब्रेसलेटमुळे स्थलांतर थांबणार नाही. एखाद्या कॉलेजने २०० ब्रेसलेट घेतली तर शंभर तासांचं काम, म्हणजे ३,९०० रुपये मजुरी. दहा बायकांत वाटली तर प्रत्येकीला ३९०. एवढ्यावर भट्टीवरची मोठी उचल काही फिटत नाही. त्यासाठी रोजगार हमीची कामं वेळेवर निघायला हवीत, वनहक्काचे दावे मार्गी लागायला हवेत, दवाखाना जवळ हवा.

पण मोठी उचल एका दिवसात होत नाही. ती पावसाळ्यातल्या दोनशे-तीनशे रुपयांनी सुरू होते. एकदा तेवढे घेतले की त्याच माणसाकडे पुन्हा जावं लागतं. त्या आठवड्यात घरात स्वतःच्या कामाचे ३९० रुपये असतील, तर निदान तेवढ्यासाठी मुकादमाकडे जावं लागणार नाही. आणि घरी थांबलेली म्हातारी आजी, ओली बाळंतीण, बारावीनंतर घरी बसलेली मुलगी, यांना घरबसल्या करता येतील अशी कामं तशीही फार नसतात.

‘पण मग आपणही उचलच देतोय ना?’

हा प्रश्न रास्त आहे. आधी पैसे देणं म्हणजे उचल, मग भट्टीवाल्यात आणि आपल्यात फरक काय? फरक तीन आहेत आणि तिन्ही पाळायला हवेत. एक, आपले पैसे मालासाठी, माणसासाठी नाहीत. ती बाई दुसऱ्या कुणाचंही काम घेऊ शकते. दोन, बाकी पुढच्या वर्षी ढकलायची नाही. माल कमी आला तर तेवढाच हिशेब, तिथेच संपला. तीन, काम घरी होतं. पोरांची शाळा सुटत नाही. आणि पोरांवरून आठवलं, आश्रमशाळेतल्या मुलींनी कार्यानुभवाच्या तासाला ब्रेसलेट करायला शिकणं मस्तच आहे. पण आपली ऑर्डर पुरी करायला त्यांना बसवणं अजिबात नको.

‘पैसे घेऊन मालच नाही आला तर?’ अर्धी रक्कम म्हणजे एका ब्रेसलेटमागे वीस रुपये. आपण न पाहिलेल्या वेबसाइटला पाचशे रुपये आधी देतोच की, तेही पार्सल कुठे आहे हे तीन दिवस ट्रॅक करत.

‘मग मीच घरी बनवते, यूट्यूबवर बघून.’ जरूर बनव. जुन्या कुर्त्याचं, बाबांच्या शर्टाच्या बटणांचं बनव. अर्धा तास काय असतो ते बोटांना कळेल. सुई एकदा टोचली की ‘वीसला द्या ना’ तोंडातून येत नाही, हा स्वानुभव.

‘बाजारात मशीनचा बँड दहाला मिळतो.’ मिळतो. तो हवा असेल तर तोच घ्यावा, त्यात काही पाप नाही. फक्त हातच्या कामाला मशीनचा भाव लावू नये.

मग करायचं काय?

आपल्याकडे एनएसएस आहे, फेस्टची कमिटी आहे, फ्रेशर्स पार्टीचा फंड आहे. शहापूरचं सोनुभाऊ बसवंत कॉलेज, मुरबाडजवळ शिवळ्याचं शांतारामभाऊ घोलप कॉलेज इथली मुलं-मुली तर याच गावांमधून येतात. पाड्यावर कुठला बचत गट शिवणकाम करतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. मुंबई-ठाण्याच्या कॉलेजांनी त्यांच्याशी जोडून घेतलं तर मध्ये दुसरा कुणी लागणार नाही.

ऑर्डर ऑगस्टमध्ये द्यायची आणि ती सप्टेंबर अखेरीला हवी अशी द्यायची. म्हणजे काम नेमकं रिकाम्या दिवसांत पडेल. माल डिसेंबरच्या फेस्टला, स्पॉन्सरच्या गुडी बॅगमध्ये, व्हॉलंटियर्सच्या मनगटावर वापरायचा. तो काही नासत नाही. फेस्टला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर आपण एरवी कागदी पट्टी चिकटवतोच, त्याजागी हे.

अर्धे पैसे ऑर्डर देतानाच द्यायचे, गटाच्या खात्यात. उरलेले माल मोजून घेतल्याच्या दिवशी. ‘फेस्ट झाल्यावर बघू’ नाही. चिंध्या आपण गोळा करून द्यायच्या, धुऊन, रंगानुसार वेगळ्या करून. मळकट गाठोडं नेऊन टाकणं म्हणजे मदत नव्हे, आपला कचरा दुसऱ्याच्या दारात. डिझाइन त्यांनी ठरवायचं. आपण माप सांगायचं आणि रंग जाऊ नये एवढी अट घालायची. बिघडलेला पीस असेल तर तसं सरळ सांगायचं, कारण गरीब म्हणून खपवून घेतलेला माल पुढच्या वर्षी कुणी मागत नाही.

आणि स्टॉलच्या पाटीवर ‘गरजू महिलांनी बनवलेले’ लिहिण्याऐवजी एवढंच लिहायचं. ‘वेळ अर्धा तास. मजुरी साडेएकोणीस रुपये. पैसे आधी दिले आहेत.’

दया दाखवून घेतलेली वस्तू आपण एकदाच घेतो, मग ती कपाटात जाते. हिशेब कळून घेतलेली वस्तू पुन्हा घेतो. शहापूर-मुरबाडच्या बायकांना त्या दुसऱ्या खेपेच्या ऑर्डरची गरज आहे.

यंदाच्या फेस्टच्या पहिल्या मीटिंगला डीजे आणि सेलिब्रिटी यांच्यावर तासभर चर्चा होईलच. त्यात पाच मिनिटं काढा, व्हॉलंटियर किती ते मोजा, त्या आकड्याला वीसने गुणा. तेवढे पैसे भाद्रपद लागायच्या आत पाड्यावर पोचले पाहिजेत. मुकादम तिथे पोचायच्या आधी.